माकडतापाचा माग : क्यासनूरच्या अरण्यापासून दोडामार्गच्या काजूबागांपर्यंत

१/२४
१९५७ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्याच्या अरण्यात वानरे मरून पडू लागली. त्याच सुमारास सोरब आणि सागर तालुक्यांतील खेड्यांत, लाकूडफाटा आणायला रानात जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. या दोन घटनांची सांगड घालण्यासाठी गावकऱ्यांना प्रयोगशाळेची गरज भासली नाही. त्यांनी आपल्या कन्नडमध्ये रोगाला नाव दिले : ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडांचा आजार. विज्ञानाला तिथवर पोहोचायला थोडा अवधी लागला. आणि हा रोग मुळात आला कुठून, या प्रश्नाचा माग तर त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ चालला. त्या शोधाची ही हकिगत. (धागा)

२/२४
आजाराचे रूप भयंकर होते. अचानक थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, कंबर व पोटऱ्या पिळवटून काढणारी अंगदुखी, डोळे लालबुंद. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येई. बरेच जण आठ-दहा दिवसांत उठून बसत. पण काहींना मध्ये बरे वाटून पुन्हा ताप भरे, मान ताठ होई, भ्रम होई. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावत. रोगी माणसापासून घरच्या माणसाला मात्र तो लागत नसे. ही एकच गोष्ट तपास करणाऱ्यांना सांगत होती की, आजाराचे मूळ घरात नसून रानात आहे.

३/२४
प्रारंभी सरकारी आरोग्यखात्याचा तर्क विषमज्वराचा होता. त्या काळी ग्रामीण भागात दीर्घ ताप दिसला की मनात पहिले नाव तेच येई. परंतु मेलेल्या वानरांचा हिशेब त्या निदानात बसेना. मागाहून चौकशी केली तेव्हा कळले की आदल्या वर्षी, म्हणजे १९५६ मध्येही, या भागात असे ताप येऊन गेले होते. म्हणजे ज्याला साथीचा आरंभ समजले जात होते, तो केवळ तिची दखल घेतली जाण्याचा आरंभ होता. उगमाच्या शोधातला हा पहिला धडा, आणि तो पुढे पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

४/२४
मृत वानरांची वार्ता पुण्याला पोहोचली. तेथे १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ उभारले होते. हीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. डासांतून आणि गोचिडींतून पसरणारे विषाणू भारतात कोणते आहेत, याची पाहणी करणे हे केंद्राचे काम. टेलफर्ड वर्क हे तेव्हा संचालक होते. सोबत हॅरॉल्ड ट्रापिडो हे प्राणिशास्त्रज्ञ आणि टी. रामचंद्र राव यांच्यासारखे कसलेले भारतीय कीटकशास्त्रज्ञ. मार्चअखेर केंद्राचे पथक शिमोग्याच्या रानात उतरले.

५/२४
त्यांच्या मनात एक भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. माणसांना रक्तस्रावी ताप आणि त्याच रानात वानरांचे मृत्यू, हे चित्र दक्षिण अमेरिकेत परिचयाचे होते. तिथे जंगलातला पीतज्वर असाच येतो : आधी झाडांवरची माकडे गळून पडतात, मग लाकूडतोडे आजारी पडतात. ट्रापिडो यांनी पनामात हे सारे जवळून पाहिले होते. पीतज्वर आशिया खंडात कधीच आला नव्हता. मात्र त्याला वाहून नेणारा एडिस जातीचा डास भारतातल्या गावोगावी होता, आणि कोट्यवधी लोकांपैकी कोणाच्याही अंगी त्या रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती नव्हती. पीतज्वर खरोखरच आला असता, तर त्याचे परिणाम कल्पनेपलीकडचे होते.

६/२४
पथकाने मेलेल्या व मरणासन्न वानरांचे अवयव, रुग्णांचे रक्त आणि रानातल्या गोचिडी गोळा केल्या. गोचिडी मिळवण्याची रीत साधी होती : पांढरे कापड जमिनीवरून, गवतावरून ओढीत न्यायचे आणि त्याला चिकटलेले जीव वेचायचे. नमुने बर्फात घालून पुण्याला नेण्यात आले व उंदरांच्या नवजात पिलांना टोचण्यात आले. पिले आजारी पडली. वानरांत, माणसांत आणि गोचिडींत एकच विषाणू सापडला. तो पीतज्वराचा नव्हता. देशाने सुटकेचा निःश्वास टाकावा अशी ती बातमी होती. परंतु तिच्या पाठोपाठ आलेला प्रश्न अधिक अवघड होता.

७/२४
कारण या विषाणूचे नातेवाईक भारतात कोणी नव्हते. प्रतिपिंडांच्या चाचण्यांत त्याचे साधर्म्य जुळले ते रशियातील ‘वसंत-ग्रीष्म मेंदूज्वरा’च्या विषाणूकुळाशी. सैबेरियाच्या सूचिपर्णी अरण्यात, बर्फ वितळल्यावर जाग्या होणाऱ्या गोचिडींतून पसरणारा तो रोग. सैबेरियातील तैगा कुठे आणि पावसाने भिजणारे मलनाड कुठे! मध्ये हिमालय, वाळवंटे आणि हजारो किलोमीटर. ज्या छोट्या राखीव जंगलातल्या वानरात हा विषाणू सापडला, त्याचे नाव क्यासनूर. रोगाचे नाव पडले ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’. नाव मिळाले, पण कूळ-गावाचा पत्ता लागला नाही.

८/२४
येथे त्या रशियन नातेवाइकाची हकिगत सांगणे भाग आहे, कारण पुढे भारतात जे घडले त्याची सावली तीत आधीच पडलेली दिसते. १९३० च्या दशकात सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडील तैगात नव्या वसाहती, लाकूडतोड आणि सैन्याचे तळ वाढू लागले. रानात नव्याने गेलेली माणसे मेंदूज्वराने मरू लागली. १९३७ साली लेव्ह झिल्बर यांच्या नेतृत्वाखाली मॉस्कोहून एक मोहीम गेली. काही महिन्यांत त्यांनी विषाणू शोधला आणि तो गोचिडींतून येतो हेही ताडले. या कामात त्यांचे सहकारी मिखाईल चुमाकोव्ह यांना संसर्ग झाला. त्यांची श्रवणशक्ती गेली व एक हात कायमचा अधू झाला.

९/२४
मॉस्कोत परतलेल्या झिल्बर यांच्या वाट्याला मात्र सन्मानाऐवजी तुरुंग आला. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यातून मेंदूज्वर पसरवण्याचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. गोचिडीतून येणारा रोग ज्याने जगाला दाखवून दिला, त्याच्यावर तो पाण्यातून पसरवल्याचा आरोप. स्टालिनच्या काळाची ही विपरीतता खरी, पण तिच्या मुळाशी असलेली मनोवृत्ती एका देशाची वा एका काळाची नाही. संकट आले की ते कुणीतरी आणले असलेच पाहिजे, असे माणसाला वाटते. आणि आणणारा सापडत नसेल, तर शोधणाराच हाताशी असतो.

१०/२४
पुन्हा शिमोग्याकडे. सैबेरियातला विषाणू दक्षिण भारतात आला असेल, तर कोणाच्या पाठीवर बसून? वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर एक मोहक शक्यता होती : पक्षी. दर हिवाळ्यात उत्तर आशियातून असंख्य पक्षी भारतात येतात. त्यांच्या पिसांत गोचिडी असतात, गोचिडींत विषाणू असू शकतो. कल्पना तर्कशुद्ध होती आणि तपासून पाहण्याजोगीही. अडचण एवढीच की, कोणता पक्षी नेमका कुठून येतो आणि कुठे जातो, याची पद्धतशीर नोंद भारतात तेव्हा जवळजवळ नव्हती.

११/२४
ती उणीव भरून काढण्याचे काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे आले. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने, १९५९ मध्ये पक्षिस्थलांतराचा अभ्यास सुरू झाला. जाळ्यात पक्षी अलगद धरायचे, पायात क्रमांकाचे कडे घालायचे, अंगावरच्या गोचिडी काढून तपासणीला पाठवायच्या आणि पक्षी पुन्हा आकाशात सोडायचा. शिमोग्यातल्या मेलेल्या वानरांनी भारतीय पक्षिशास्त्राला असे एक नवे दार उघडून दिले. पक्ष्यांच्या वाटांविषयी त्यातून जे कळले, त्याचे मोल आजही आहे.

१२/२४
मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र त्या वाटेने मिळाले नाही. स्थलांतरित पक्ष्यांनी हा विषाणू सैबेरियातून आणला, याचा पुरावा हाती आला नाही. शिवाय सैबेरियात माणसाला चावणारी प्रमुख गोचीड निराळी आणि शिमोग्यातली निराळी. इथली मुख्य वाहक ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ ही दक्षिणेच्या रानातच नांदणारी. आणखी एक खूण होती. रशियन विषाणूवरून तयार केलेली लस शिमोग्यात वापरून पाहिली गेली, तेव्हा तिने संरक्षण दिले नाही. दोन विषाणू एकाच कुळातले होते, पण एकाच घरातले नव्हते.

१३/२४
पक्ष्यांचा अभ्यास पुढे दुसऱ्याच वादळात सापडला. १९६० च्या दशकात आशियातील पक्षिस्थलांतराच्या एका व्यापक सर्वेक्षणाला अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागाकडून पैसा मिळत होता आणि भारतातल्या कामाशीही त्याचा संबंध आला होता. १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून प्रश्न उठला : पक्षी रोग कुठे नेतात, हे लष्कराला कशासाठी जाणून घ्यायचे आहे? जैविक युद्धाची शंका बोलून दाखवली गेली. संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी साह्याच्या अशा अनेक प्रकल्पांची झाडाझडती घेतली आणि कठोर शब्दांत चिंता व्यक्त केली.

१४/२४
त्या शंकेला ‘वेडगळ’ म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. शीतयुद्धाच्या काळात अनेक राष्ट्रे जैविक अस्त्रांवर खरोखरच काम करीत होती, आणि आपल्या भूमीवर कोण कशासाठी संशोधन करतो हे विचारणे हा स्वतंत्र देशाचा हक्कच नव्हे, तर कर्तव्य होते. तरीही एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. पक्ष्यांचा तर्क असो की परकीय कटाची शंका, दोन्हींचे गृहीतक एकच होते : हे संकट बाहेरून आले. शिमोग्याचे रान निर्दोष, स्वस्थ आणि अपरिवर्तित होते; कुणीतरी तेथे विष आणून सोडले.

१५/२४
या गृहीतकाला छेद देणारा पुरावा वास्तविक पहिल्यापासून पुण्याच्याच कागदपत्रांत होता. केंद्र स्थापन झाले त्याच वर्षी, १९५२ मध्ये, देशाच्या निरनिराळ्या भागांतील लोकांच्या रक्ताची पाहणी झाली होती. स्मिथबर्न, कर आणि गटणे यांनी १९५४ साली ती प्रसिद्ध केली. कच्छ-सौराष्ट्राकडील काही लोकांच्या रक्तात रशियन मेंदूज्वराच्या विषाणूला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड तीत आढळले होते. क्यासनूरची वानरे मरण्याच्या पाच वर्षे आधी आणि हजारांहून अधिक किलोमीटर दूर! साथीचा मागमूस नसलेल्या प्रदेशात या कुळातला कोणता तरी विषाणू गुपचूप वावरत होता.

१६/२४
पुढचा दुवा अनपेक्षित दिशेने आला. १९९० च्या दशकात सौदी अरेबियात, जिद्दा परिसरात, मेंढ्या-उंटांशी संबंध येणाऱ्या माणसांत एक रक्तस्रावी ताप आढळला. त्याचा विषाणू ‘अलखुर्मा’ हा क्यासनूरच्या विषाणूचा सर्वांत जवळचा आप्त निघाला. जनुकीय क्रमातील फरक मोजून काळाचा अंदाज बांधता येतो. २००९ साली पुण्याच्या संशोधकांनी भारतातील उपलब्ध नमुन्यांवरून त्यांचा समान पूर्वज १९४० च्या दशकाच्या आरंभीचा ठरवला. २०११ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने संपूर्ण जनुकसंच तपासून क्यासनूर आणि अलखुर्मा यांची फारकत सुमारे सातशे वर्षांपूर्वीची मानली.

१७/२४
दोन आकड्यांतील अंतर पाहून गोंधळण्याचे कारण नाही. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. एक, आज हाती असलेल्या भारतीय नमुन्यांची वंशवेल कुठे एकत्र येते? दुसरा, ही शाखा आपल्या अरबी भावंडापासून केव्हा वेगळी झाली? नदीचे उदाहरण घ्यावे. पात्र जिथे डोळ्यांना दिसू लागते ते एक स्थान आणि पाणी जिथून झिरपू लागते ते दुसरे. १९५७ हे सोरब-सागरला पात्र दिसण्याचे साल होते. झिरपणे त्याच्या फार आधीचे.

१८/२४
मग प्रश्न बदलतो. विषाणू जुनाच असेल, तर १९५७ च्या सुमारास नवे काय झाले? या दिशेने खोलवर विचार केला तो होर्हे बोशेल या कोलंबियन शास्त्रज्ञाने. पीतज्वरावर काम करताना त्यांनी पाहिले होते की, एरवी झाडांच्या शेंड्यांवर राहणारे डास, झाड कोसळताच लाकूडतोड्यांच्या अंगाभोवती उतरतात. तीच नजर घेऊन ते शिमोग्यात आले आणि १९६९ साली त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. मलनाडात माणसे वाढली, शेतीसाठी रान तुटले, तुटलेल्या कडांवर घाणेरीसारखी झुडपे माजली आणि त्या कडांवर गुरे चरू लागली. बदलले होते ते रान.

१९/२४
गुरांचा संबंध समजण्यासाठी गोचिडीचा जीवनक्रम पाहावा लागतो. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी आणि तिच्या पुढची अवस्था, जिला निम्फ म्हणतात, या दोन्ही उंदीर-चिचुंद्री, जमिनीवर वावरणारे पक्षी, वानरे यांचे रक्त पितात. माणसाला चावते ती बहुधा तिळाएवढी निम्फच. तिचा भर पावसाळा सरल्यावर, साधारण डिसेंबर ते मे. पूर्ण वाढलेल्या मादीला मात्र अंडी घालण्यापूर्वी मोठ्या जनावराचे रक्त लागते. दाट रानात असे जनावर क्वचित भेटते. चराऊ गुरे रानात शिरली आणि त्या मादीला जणू बारमाही अन्नछत्र उघडले. गुरे स्वतः विषाणूचा मोठा साठा होत नाहीत. पण गोचिडींची संख्या ती भरमसाट वाढवतात.

२०/२४
आणि वानरे? पूर्वी रानाच्या पोटात, उंदीर-चिचुंद्री आणि गोचिडी यांच्यात, विषाणूची देवघेव निमूट चालत असावी. गोचिडी फोफावल्या तशी ती वानरांपर्यंत पोहोचली. या विषाणूपुढे वानर हतबल असते. ते मरून झाडाखाली पडले की देह थंड होताच शेकडो गोचिडी त्याला सोडून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात, आणि ती जागा पुढे जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी सापळा बनते. म्हणूनच मेलेले वानर हा धोक्याचा पहिला इशारा मानला जातो. ‘माकडताप’ या नावात माकड आरोपी वाटते. वस्तुतः पहिला बळी तेच आहे.

२१/२४
बोशेल यांचा निष्कर्ष खरा की खोटा, याची परीक्षा पाहू नये अशा रीतीने पाहिली गेली. १९८० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळ्तंगडी तालुक्यात, निडले येथे, काजूच्या लागवडीसाठी सुमारे ४०० हेक्टर रान साफ करण्यात आले. त्या परिसरात आधी माकडे मेली, मग मजूर आणि गावकरी. एका हंगामात हजारावर लोक आजारी पडले आणि शंभरावर दगावले. मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञाने त्या भागाचा अभ्यास करून या रोगाला ‘विकासाचा रोग’ म्हटले. गावकऱ्यांच्या बोलण्यात रानाच्या देवतांचा, भूतांचा कोप होता : न विचारता रान तोडले, म्हणून हे झाले. शास्त्रज्ञाची भाषा निराळी असली, तरी त्याने आणि गावकऱ्याने बोट ठेवले होते ते एकाच जागी.

२२/२४
या शोधाची किंमत केवळ गावांनी मोजली असे नाही. पुण्याच्या केंद्रातील व त्याच्या शिमोग्यातील क्षेत्रकार्यातील अनेक कर्मचाऱ्यांना काम करता करता हा रोग जडला. गोचिडी वेचणारे, उंदरांच्या पिलांना सुई टोचणारे, वानरांचे शवविच्छेदन करणारे हात बहुतांशी अनामिक राहिले. शोधनिबंधाच्या माथ्यावर दोन-तीन नावे असतात. पण ‘माहीत आहे’ असे आज जे सहज म्हटले जाते, ते त्या हातांनी अंगावर ताप काढून मिळवलेले आहे. बाहेरच्या कुणीतरी विष पेरले, या कथेत या माणसांना स्थानच नसते.

२३/२४
अनेक दशके हा रोग कर्नाटकाच्या मोजक्या जिल्ह्यांचा समजला जाई. मग २०१२ नंतर बंदीपूर, निलगिरी, वायनाड. २०१५ मध्ये गोव्याचा सत्तरी तालुका. २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील केर. कोकणात त्याला ‘माकडताप’ हे नाव रुळले. गोव्यातील रुग्णांच्या अभ्यासात काजूबागांत राबणाऱ्यांचा धोका उठून दिसला. यात आश्चर्य नाही. काजूची बोंडे गळतात तो फेब्रुवारी ते मेचा काळ आणि निम्फचा चावण्याचा काळ एकच. बोंडे जमिनीवर पडतात, ती वेचायला वाकावे लागते, पाचोळ्यात हात घालावा लागतो. वर्षाची कमाई त्या दोन-तीन महिन्यांत असते. ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला म्हणूनच तिथे निरुपयोगी ठरतो. अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल, पूर्ण अंगभर कपडे, घरी येताच गरम पाण्याने स्नान आणि मेलेल्या माकडाची तत्काळ वर्दी, हेच व्यवहारातले उपाय.

२४/२४
केरमध्ये रोग प्रकटला तेव्हाही पहिला प्रश्न तोच होता : हा आणला कोणी? कर्नाटकातून आला का, कोणाच्या गुरांबरोबर, कुठल्या माकडांबरोबर? प्रश्न स्वाभाविक आहे आणि काही अंशी आवश्यकही. रोगाचा प्रवास कळल्याशिवाय पुढच्या गावाला सावध कसे करणार? परंतु क्यासनूरची साठ-पासष्ट वर्षे असे सांगतात की, ‘आणणारा’ शोधण्यात जितका काळ गेला, तितका काळ रानाच्या तुटत्या कडा कुणाच्या नजरेत आल्या नाहीत. आकाशातल्या पक्ष्यांकडे पाहणे सोपे होते. पायाखालच्या पाचोळ्याकडे, आपल्याच गोठ्यातल्या गुरांकडे, आपण लावलेल्या काजूकडे पाहणे अवघड. आजही या तापावर नेमके औषध नाही. आजही पहिली वर्दी देतो तो रानातून परतणारा माणूस, ज्याने वाटेत मेलेले वानर पाहिलेले असते. १९५७ मध्ये त्याने रोगाला नाव दिले होते. त्याचे म्हणणे वेळीच ऐकले जाईल की नाही, यावर पुढच्या हंगामातले कितीतरी जीव अवलंबून असतील.